वळणावरचं सोयाबीन

न्हाई न्हाई अप्पा, तुमचा घोळ होऊन राहिलाय — ती आमची शिवगंगा न्हाई, तो आमचा महांतेश हाय. द्या इकडं मोबाइल, बघू… जरा लांब धरा, चष्मा आत राहिला. हां. हीच ती गाडी, लाल. अन् हे आमच्याच घाटातलं वळण, मागं म्हसोबाचा दगड दिसतो की शेंदूर लावलेला. अन् आत बसलाय तो महांतेश. व्हय की! स्वतःचं पोरगं मला वळखू येईना व्हय? हा व्हिडिओ साऱ्या तालुक्यात फिरलाय, आता तुमच्या उदगीरला बी गेला म्हणायचं. मुलाच्या काकानं बघितला? बरं. बघू द्या की. बघून काय म्हणले? — न्हाई, तुम्ही अगोदर बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडं बाजेवर बसा. गुणा! ए गुणा, चहा टाक गं, संगमेश्वरअप्पा स्थळाचं बोलायला आलेत, एवढ्या उन्हाचं मोटरसायकलवर आलेत. अन् शिवगंगेला म्हणावं खळं ऱ्हाऊ दे जरा, हातपाय धुवून — म्हणजे, खळ्यावर नसती ती. भाकरी द्यायला गेली होती.

व्हिडिओ हाय सिनेमाच्या शूटिंगचा. त्या सिनेमाचं तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, म्हणजे डोक्यात किडा ऱ्हाणार न्हाई. जपान्यांचं एक कार्टून हाय म्हणे — चित्रातली माणसं, डोळे हे एवढाले, अन् त्यातला एक पोरगा डोंगरातल्या रस्त्यानं गाडी आडवी नेतो. आडवी म्हणजे कशी, तोंड डोंगराकडं अन् गाडी चालली दरीकडं. त्याला ड्रिफ्ट म्हणतेत. गावातली सारी लेकरं मोबाइलवर बघतेत, हिंदीत केलंय ते. आता कुण्या हैदराबादच्या कंपनीला वाटलं, याचा खऱ्या माणसांचा सिनेमा काढावा. काढा, आमचं काय जातंय! पण त्यांना पाहिजे घाट, अन् घाटात पाहिजे मोकळा रस्ता. अन् आमच्या इथं गेल्या साली नवा डांबरी रस्ता झालेला, पण खालचा पूल व्हायचा राहिलेला — म्हणून रस्ता बंद. ना एसटी, ना ट्रक. कंपनीला वाटलं हा आपल्यासाठीच केलाय. अन् गावाला बी तसंच वाटलं.

तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हीच सांगा — दसऱ्याच्या तोंडाला रस्ता असा काळाभोर, तापलेला, गाडी न्हाई, कुत्रं न्हाई. तुम्ही काय कराल? सोयाबीन वाळू घालाल का न्हाई? साऱ्या गावानं घातलं. आदल्या दिवशी कंपनीचा माणूस भोंगा घेऊन गावातून ओरडत गेला, ‘कल रस्ते पर एक भी गाडी नहीं आनी चाहिए!’ लोक खूष! म्हातारा शेषेराव तर म्हणला, ‘माझ्या जिंदगीत पहिल्यांदा कुणी शेतकऱ्याची फिकीर केली रे.’ दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत वळणापर्यंत पिवळं जर्द अंथरूण. अन् वरून आली की ती लाल गाडी! आत त्यांचा मद्रासकडचा ड्रायव्हर — आम्ही अण्णा म्हणायचो — पोट हे एवढं, पण हात लोण्यासारखा. त्यानं वळणाला गाडी आडवी घातली अन् मागचं चाक गेलं आमच्या सोयाबीनवर. दाणा गोल, डांबर गुळगुळीत — गाडी फिरली अप्पा, भिंगरीवानी फिरली, अन् म्हसोबाच्या पुढ्यात जाऊन थांबली, तोंड दगडाकडं. जशी काय पाया पडायला आली. आम्ही सारे पळालो. गाडीकडं न्हाई, सोयाबीनकडं — खोटं कशाला बोलू. केवळाबाई रडायलीच, ‘माझं बियाणं गेलं माय,’ अन् तिकडून डायरेक्टर नाचत येऊन राहिलाय, ‘यही चाहिए! फिर से! यही चाहिए!’

तर म्हणे, कार्टूनमध्ये तसंच एक वळण हाय. झाडाच्या पाकळ्या पडलेल्या असतेत अन् तो पोरगा त्यावरून गाडी नेतो, समदं पिवळं उडतं मागं. डायरेक्टर म्हणला, दाण्याच्या पाकळ्या कंप्युटर करंल, पण घसरण मला खरीच पाहिजे. अण्णा उतरला, एक दाणा चिमटीत धरला, बघितला, अन् म्हणला — पाण्यावर नेतो, रेतीवर नेतो, यावर मला अंदाज न्हाई. शिवाय हिरो काडीसारखा अन् मी असा, काचेतून दिसतं. मग? मग आमचा महांतेश बसला. झालं. एवढीच गोष्ट. तुम्ही मुलाच्या काकांना एवढंच सांगा.

कुठं शिकला म्हणजे? खळ्यावर! तिकडं तुमच्यात आता समदं मशीनलाच घालतेत, पण बियाण्याचं सोयाबीन मशीनला घातलं की दाणा फुटतो, फुटला की उगवत न्हाई. त्याला खळंच पाहिजे. पूर्वी बैल फिरायचे, आता आमची जीप फिरती, आजूबाजूच्या गावचे बी बोलावतेत. ते बघा, तिकडं चिंचेखाली दिसतं ना, ते केवळाबाईचंच खळं, सकाळपासून अर्धं झालंय. आता गोल फिरवायची म्हणजे काय सोपं वाटतं तुम्हाला? वाळलेला काड लई निसरडा, अन् जीपचा सारा जोर मागच्या चाकावर. मागचं अंग सुटतंच. सुटलं की ब्रेक न्हाई मारायचा — नवखा माणूस ब्रेक मारतो अन् तिथंच फसतो. मागचं अंग डावीकडं चाललं का स्टेरिंग बी डावीकडं द्यायचं, अन् दाबून न्हाई, नुसतं तळव्यानं, पोळी लाटताना लाटणं कसं आपलं आपण फिरतं, तसं. मी शिकवलं. म्हणजे पहिला दिवस मी शिकवलं, दुसऱ्या दिवशी मीच बघत बसलो. माझी कंबर गेली होती तवा, डॉक्टर म्हणला चंद्रप्पा, आता जीपवर बसलास तर उठणार न्हाईस. मग आधी महांतेशला बसवलं — पोरगा म्हणून त्यालाच बसवणार की — तर दुसऱ्या फेऱ्याला ओकला. त्याला लहानपणापासून गाडी लागती, एसटीत बी पिशवी हातात घेऊन बसतो, अन् गोल फिरायचं म्हणलं की —

…

पाणी घ्या तुम्ही. गार हाय, रांजणातलं.

काय म्हणलात? वेणी? कुठं वेणी? दाखवा. अहो विग असतो तो, हिरोचे केस मोठे दाखवलेत सिनेमात. बरं — टोपी काढली अन् त्याच्याखालून वेणी पाठीवर पडली. दिसतंय मला, चष्मा नसला म्हणून काय झालं. लाल रिबीन हाय वेणीला. तिच्या मायनंच घातली होती सकाळी, तेल लावून, घट्ट… बरं. समजा तीच हाय. समजा म्हणलं! काय बिघडलं? चोरी केली? कुणासंग पळाली? साऱ्या गावादेखत बापाला विचारून बसली. अण्णा तिच्या बाजूच्या सीटवर, मी रस्त्याच्या कडंला उभा. गावचं पोर न् पोर झाडावर. अन् पहिल्याच झटक्याला घेतलं तिनं! असं आलं मागचं अंग, असं — म्हसोबाच्या दगडाला वीतभर राहिलं असंल — अन् मागं सोयाबीन उडालं ना अप्पा, उन्हात… मी तुम्हाला काय सांगू. सोन्याची धूळ. मी तोंडावर टॉवेल धरला होता, लोकांना वाटलं धूळ गेली नाकात.

अन् मग गाडी थांबली. कुणी टाळी वाजवली न्हाई. बायका एकमेकीकडं बघून राहिल्या. शेषेरावच म्हणला — वाईट मनानं न्हाई, म्हातारा साधा हाय — म्हणला, ‘चंद्रप्पा, पोरगी लई धीट हाय रे, हिला कुणाच्या घरी देणार?’ झालं! तेवढं एक वाक्य. माझ्या सोन्याच्या धुळीची माती झाली तिथल्या तिथं. कंपनीच्या पोरीनं कागद काढला, नाव विचारलं, सिनेमाच्या शेवटी नावं येतेत ना, त्यासाठी. शिवगंगा बाजूलाच उभी, घामानं डबडबलेली, कोपरापर्यंत दाणे चिकटलेले. मी म्हणलं — लिहा, महांतेश चंद्रप्पा. तिनं माझ्याकडं बघितलं फक्त. अन् मग खाली बसून केवळाबाईचं सोयाबीन गोळा करू लागली.

पुढचं तुम्हाला माहीतच असंल. पोराचा सत्कार झाला, शाळेत, शाल अन् नारळ. दारात फ्लेक्स लागला, ‘मराठवाड्याचा वाघ, ड्रिफ्टकिंग महांतेश’, गॉगल लावलेला फोटो. शिवगंगेनंच माझ्या सांगण्यावरून समद्यांना पेढे वाटले. गावाला समदं माहीत, तरी गावानं टाळ्या वाजवल्या — गावाचं असंच असतं, खोटं एकदा शालीत गुंडाळलं की त्याला नारळ द्यायला समदे पुढं. पण अहमदपूरवाल्यांना काय माहीत? त्यांनी बोलावलं, पुढच्या गणपतीत, मैदानावर, गाडी आडवी करून दाखव म्हणून. मी म्हणलं जाऊ नको. गेला. पोरांनी खांद्यावर घेतलं होतं ना, उतरणार कसं? चहावाल्याच्या टपरीत घातली गाडी. दूध सांडलं, काचा फुटल्या, कुणाला लागलं न्हाई हे नशीब. पोरं हसली. आता लातूरला राहतो, एका मॉलमध्ये दारावर उभा असतो. दिवाळीला ये म्हणलं तर म्हणतो सुट्टी न्हाई. सुट्टी असती अप्पा. दारातला फ्लेक्स मीच फाडला अन् गोठ्यावर टाकला, पाणी गळायचं तिथं.

सिनेमा? बघितला की. नांदेडला गेलो सारे, महांतेश सोडून. तिकडं बुटाला माती लागलेली बघून गेटवरचा पोरगा आमच्याकडं बघत होता, जाऊ द्या. सिनेमा काय, नुसता गोंगाट. हिरोनं दर मारामारीच्या अगोदर गॉगल काढायचा. पण मग आलं आमचं वळण. म्हसोबाचा दगड पुसून टाकला होता, तिथं लाल कंदील लटकत होते, जपानी. अन् आमच्या सोयाबीनच्या पाकळ्या झालेल्या — एवढ्या पाकळ्या, एवढ्या पाकळ्या — अन् त्यातून ती लाल गाडी अशी आली… सारं थेटर उठलं! शिट्ट्या! मागची पोरं म्हणत होती, ‘भारी मारला रे भाऊनं!’ मी अंधारात शिवगंगेकडं बघितलं. मांडीवर दोन्ही हात ठेवलेले, अन् तळवे जरासे फिरत होते. डावीकडं, मग सरळ. एवढंच. शेवटी नावं आली, मुंग्यांसारखी वर सरकत. मला काय वाचता येईना त्या पळापळीत. ती म्हणली, ‘बाबा, आलं बघा दादाचं नाव.’ तिनं बोट दाखवेपर्यंत ते गेलं बी होतं. अन् परत येताना एसटीत खिडकीशी बसली, लोह्याचा घाट आला तर ड्रायव्हरकडं बघत होती — तो वळणात ब्रेक दाबायचा ना, ती अशी तोंड वाकडं करायची. तिची माय म्हणली, ‘पोट दुखतं का गं?’

अन् आता तुमचे लोक म्हणतेत, पोरगी कशी हाय ते बघून या. थेटरमध्ये टाळ्या वाजवणारे हेच ना? मुलाच्या काकानं तो व्हिडिओ पाहिला तर पहिल्यांदा ‘वा’ म्हणलाच असंल — मग वेणी दिसली, अन् मग तुम्हाला मोटरसायकलवर पाठवलं! रागावू नका अप्पा, तुमच्यावर न्हाई बोलत मी. तलाठी मुलगा हाय, चांगलं घर हाय, मला कळतं. माझी कंबर ही अशी, पोरगं तिकडं तोंड लपवून बसलेलं. मी तिचं चांगलंच बघितलं. मी जे केलं ते तिचं बघूनच केलं. न्हाईतर अण्णाचा फोन आला होता तवा मी हो म्हणलं नसतं का?

अण्णा हो, तोच ड्रायव्हर. सिनेमा यायच्या अगोदरची गोष्ट. कोइमतूरला गाड्यांच्या शर्यतीचं मैदान हाय म्हणे, तिथं पोरींची एक टीम करून राहिले, कायदेशीर, राहायला जागा, सोबत बायका, समदं. तो म्हणला, ‘चंद्रप्पाजी, लडकी को भेजो, मैं बाप जैसा देखूंगा.’ बाप जैसा! मी इथं जिवंत असताना! मला इतका राग आला — न्हाई, राग न्हाई आला. भ्या वाटलं. मला वाटलं ही हो म्हणंल. नुसतं विचारलं तरी ही हो म्हणंल, तिथल्या तिथं, हात पुसत. मग परत येणार न्हाई, मग खळं कोण करंल, लोक काय म्हणतील, अन् तुमच्यासारखं कुणी दारात येणार न्हाई. म्हणून मी म्हणलं — लग्न झालं तिचं. सरळ म्हणलं. मग काय विचारावं त्यानं? ‘अच्छा है जी. उधर घर में गाडी है क्या?’ म्हणजे सासरी गाडी हाय का. मी म्हणलं हाय. तो म्हणला मग बरं. अन् ठेवला.

अन् ही बिचारी अजून बी… फोन वाजला की पिठाचे हात घेऊन दारात येती. दोन-तीनदा विचारलं मला, ‘बाबा, अण्णाचा फोन आला होता का हो? ते म्हणले होते करतो म्हणून.’ मी म्हणलं न्हाई गं माय, मोठी माणसं विसरतेत. तिला वाटतं तो विसरला. एकदा म्हणली, ‘मी तेवढी चांगली चालवली नसंल.’ तिला तसंच वाटू द्यावं म्हणलं मी. एकदा तुमच्याकडं लग्न झालं, लेकरूबाळ झालं, की कोण अण्णा अन् कुठलं कोइमतूर! तुम्ही हे कुठं बोलू नका बरं का, तिच्या मायला बी मी —

…

कवा आलीस?

ये की. दारात का उभी? ये, चहा ठेव अप्पांच्या पुढं. मी आपलं यांना — सिनेमाचं सांगत होतो. पाया पड अप्पांच्या. पदर… ओढणी घेतलीस, बरं केलंस. ठेव. अगं सांडला बघ जरासा.

हे काय ठेवलंस?

ट्रेमध्ये हे काय ठेवलंस माय? चावी… जीपची चावी इथं कशाला? ओढणीला बांधलेली असती ना तुझ्या. अगं केवळाबाईचं खळं अर्धं राहिलंय, अन् तिकडं ढग बघ कसे येऊन राहिलेत — शिवगंगा. बियाणं हाय तिचं, भिजलं तर कामातून गेलं. मला बसता येत न्हाई हे तुला माहीत हाय. मी काय म्हणतो ऐक. शिवगंगे. कोइमतूरला आपण परत फोन… बोल काहीतरी. शिव्या दे मला. अगं शिव्या तरी दे!

गेली. बघितलं तुम्ही? बघितली ना मुलगी? हेच बघायला आला होतात ना — मान खाली, डोळे वर न्हाईत, बापापुढं शब्द न्हाई? बघून घ्या नीट. जाऊन सांगा तुमच्या तलाठ्याच्या घरी, चंद्रप्पाची पोरगी गाडी चालवत न्हाई. मघाशी मी खोटं सांगत होतो. आता न्हाई.

उठा तुम्ही. चहा ऱ्हाऊ द्या. ढग यायच्या आत निघा, अन् उतारावर मोटरसायकल जपून घ्या — वळणावर सोयाबीन हाय.